दहा दिवसांचे मूल आणि डॉक्टर आनंदीबाई

आनंदीबाई जोशी यांचे चरित्र महाराष्ट्राने नेहमी पदवीपासून वाचले. फिलाडेल्फिया, ११ मार्च १८८६, लुगड्यातील ते सुप्रसिद्ध छायाचित्र आणि वयाची बावीस वर्षे पूर्ण होण्यापूर्वीच आलेला मृत्यू, एवढा आराखडा शाळकरी मुलांनाही पाठ असतो. काशीबाई कानिटकरांनी त्यांचे चरित्र लिहिले, श्री. ज. जोशी यांनी कादंबरी लिहिली, नाटक झाले, २०१९ मध्ये चित्रपटही आला. त्याच वर्षी पदवी मिळविणाऱ्या कलकत्त्याच्या कादंबिनी गांगुली यांच्याशी तुलना करून पहिली कोण, हा वादही अधूनमधून घातला जातो. या सगळ्या गडबडीत एक घटना दोन वाक्यांत उरकली जाते. वयाच्या चौदाव्या वर्षी आनंदीबाईंना मुलगा झाला आणि तो दहा दिवसांत गेला. चरित्रकार हळहळतो आणि वाचकाला घेऊन अमेरिकेच्या बोटीकडे वळतो. वस्तुतः त्या दहा दिवसांशिवाय त्या बोटीचा अर्थ लागत नाही.

आनंदीबाईंचे माहेरचे नाव यमुना. जन्म ३१ मार्च १८६५ चा. वडील गणपतराव जोशी हे कल्याणचे. घराणे एकेकाळी जमीनजुमला राखून असलेले, परंतु यमुनेच्या बालपणी पडत्या काळाला लागलेले. कल्याण तेव्हा जुने बंदर होते आणि नवे जंक्शन. १८५४ मध्ये आगगाडी ठाण्याहून कल्याणपर्यंत आली आणि दोनच वर्षांत कर्जतच्या दिशेने पळसदरीपर्यंत गेली. आज ज्या लोहमार्गावर विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही स्थानके एकामागून एक येतात, तो हाच मार्ग. यमुनेच्या लहानपणी उल्हासनगर हे नावच अस्तित्वात नव्हते. अंबरनाथ म्हणजे १०६० मध्ये बांधलेल्या शिवालयाभोवतीचे खेडे आणि बदलापूर म्हणजे, लोक सांगतात त्याप्रमाणे, घोडे बदलण्याचे ठिकाण. उल्हास नदी मात्र तेव्हाही बदलापुरावरून कल्याणच्या खाडीकडे वाहत होती.

१८७४ मध्ये, नवव्या वर्षी, यमुनेचा विवाह गोपाळराव जोशी यांच्याशी झाला. गोपाळराव टपाल खात्यात कारकून, बिजवर, तिच्याहून सुमारे वीस वर्षांनी मोठे. त्यांनी तिचे नाव आनंदी ठेवले. पत्नीला शिकविण्याची मोकळीक मिळेल, ही त्यांची लग्नाआधीचीच अट होती. गोपाळरावांविषयी मराठी मनाला अद्याप निकाल लावता आलेला नाही. हा मनुष्य काळाच्या पुढे होता आणि घरात क्रूरही होता. अभ्यास चुकविला म्हणून ते तिला मारीत. पुढे अमेरिकेतून पतीला लिहिलेल्या पत्रांत आनंदीबाईंनी त्या माराची आठवण करून दिली आहे. शिकण्यासाठी मार खाणारी ही मुलगी त्याच काळात देहाने पत्नीही होत होती, आणि ही गोष्ट त्या सुधारकालाही खटकलेली दिसत नाही. ती केवळ त्याची उणीव नव्हती. पुढे १८९१ मध्ये संमतिवयाचा कायदा आला आणि त्यावरून महाराष्ट्र दुभंगला, तेव्हाही वयोमर्यादा दहावरून बारापर्यंतच वाढली. म्हणजे आनंदीबाईंचे बाळंतपण त्या वादग्रस्त कायद्याच्याही पलीकडचे, पूर्णतः कायदेशीर होते.

चौदा वर्षांची आई आणि तिचे पहिले मूल. त्या काळच्या बाळंतिणीच्या खोलीचे वर्णन वाचकाला नवे नाही: दारेखिडक्या बंद, धुराची शेगडी, सुईण, आणि नाळ कापण्यास घरात जे सापडेल ते हत्यार. सुईणीचा अनुभव थोर असे. तिला हाताच्या स्वच्छतेचे शास्त्र मात्र कोणी सांगितलेले नसे. व्हिएन्नात सेमेलवाइस यांनी १८४७ मध्येच ते सांगितले होते आणि लिस्टर यांनी जंतुनाशकाचा प्रयोग १८६७ मध्ये प्रसिद्ध केला होता, पण या दोन्ही गोष्टी कोकणातल्या बाळंतघरापर्यंत पोचण्यास अनेक दशके लागणार होती. नाळेतून होणाऱ्या धनुर्वाताने बाळे साधारण पहिल्या आठवड्या-दोन आठवड्यांत दगावत. हा आजार भारतातून सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून हटल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केले ते २०१५ मध्ये.

लोकरीतीला या दिवसांचा धोका पुरता ठाऊक होता. पाचवीला सटवाई पुजायची, कारण ती त्या रात्री बाळाच्या कपाळी त्याचे भविष्य लिहिते असे मानले जाई. बारसे बाराव्या दिवशी; तोपर्यंत मूल पुरते आपले झाले असे कोणी गृहीत धरीत नसे. आजची आकडेवारीही हेच सांगते. जन्मानंतरच्या २८ दिवसांत होणाऱ्या मृत्यूंपैकी सुमारे तीन चतुर्थांश पहिल्या सात दिवसांतच होतात. आनंदीबाईंचे बाळ दहाव्या दिवशी गेले. इतिहासात त्याचे नाव नाही.

या मृत्यूनंतर आनंदीबाईंनी जो निष्कर्ष काढला, तो त्यांच्या वयाच्या मुलीकडून कोणी अपेक्षिला नसता. दैव, पूर्वसंचित, दृष्ट अशी स्पष्टीकरणे सभोवार तयार होती. त्यांनी ती बाजूला सारली आणि मूल वैद्यकीय मदतीअभावी गेले असे मानले. स्त्रिया आपली दुखणी पुरुष डॉक्टरला सांगत नाहीत, दाखवीत तर नाहीतच. स्त्री डॉक्टर नाही, म्हणून बाळंतिणी आणि बाळे मरतात. गोपाळरावांनी पत्नीला अमेरिकेत शिकविण्याचा घाट मिशनऱ्यांशी पत्रव्यवहार करून घातला होता, हे खरे. पण काय शिकायचे, हे त्या दहा दिवसांनी ठरविले.

गोपाळरावांच्या बदल्या होत गेल्या: अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, भूज, आणि अखेर कलकत्ता परिसर. पूर्वी कोल्हापुरात असलेले अमेरिकन मिशनरी वाइल्डर यांना गोपाळरावांनी लिहिलेले पत्र त्यांनी आपल्या मासिकात छापले, आणि उत्तरादाखल ख्रिस्ती होण्याचा सल्ला दिला. तो अंक १८८० मध्ये न्यू जर्सीतील रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर या गृहिणीने दंतवैद्याकडे वाट पाहत असताना सहज चाळला. तिने पत्र लिहिले, आनंदीबाईंनी उत्तर दिले, आणि पुढे त्या तिला मावशी म्हणू लागल्या. धर्म न बदलता मदत करणारी ही एक सामान्य बाई निघाली नसती, तर बाकी सारे संकल्प टपालातच राहिले असते.

२४ फेब्रुवारी १८८३ रोजी सेरामपूर कॉलेजच्या सभागृहात सतरा वर्षांच्या आनंदीबाईंनी आपण अमेरिकेला का जात आहोत हे भरसभेत सांगितले. स्वजनांचा विरोध, जातिबहिष्काराची भीती, हिंदुस्थानातच का शिकत नाही असा प्रश्न, या एकेका आक्षेपाला त्यांनी क्रमाने उत्तर दिले आणि हिंदू म्हणून जाऊन हिंदू म्हणूनच परत येईन असे जाहीर केले. आजही ते भाषण वाचताना त्यातील युक्तिवादाची शिस्त जाणवते. आपल्या मृत बाळाचे भांडवल करून त्यांनी सहानुभूती मागितली नाही. देशाला स्त्री डॉक्टरांची गरज आहे, एवढेच कारण पुढे केले.

७ एप्रिलला त्या कलकत्त्याहून निघाल्या. पती बरोबर नव्हता. सोबत मिशनरी स्त्रियांची. ४ जूनला न्यू यॉर्क. ऑक्टोबरात पेनसिल्व्हानियाच्या वूमन्स मेडिकल कॉलेजात प्रवेश मिळाला आणि प्राचार्या रेचल बॉडली यांचे छत्रही. शाकाहार, लुगडे, फिलाडेल्फियाची थंडी आणि धुराने भरणारी खोली यांनी आधीच नाजूक असलेली प्रकृती ढासळत गेली. तरी तीन वर्षांचा अभ्यासक्रम पुरा झाला. पदवीसाठी प्रबंध लिहावा लागे. विषय निवडताना त्यांच्यापुढे सारे वैद्यकशास्त्र मोकळे होते. त्यांनी लिहिले ते आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्रावर. आयुर्वेदाचे ग्रंथ आणि अमेरिकन पाठ्यपुस्तके दोन्ही समोर ठेवून. या प्रबंधाचा उल्लेख प्रत्येक चरित्रात असतो, मात्र ज्या घटनेने तो विषय सुचविला असावा तिच्याशी त्याचा सांधा क्वचितच जोडला जातो. पदवीदानाला पंडिता रमाबाई मुद्दाम गेल्या होत्या.

नेमक्या याच वर्षी, १८८६ मध्ये, ब्रिटिश हिंदुस्थानात जन्ममृत्यूंच्या नोंदणीचा एक कायदा झाला. तो ऐच्छिक होता. आनंदीबाईंच्या बाळासारखी लाखो बाळे कोणत्याही वहीत न चढता जात राहिली. आणि जेथे वह्या होत्या तेथेही आकडे फसवीत. मुंबईत १९२१ च्या सुमारास नोंदलेल्या हजार जन्मांमागे सहाशेहून अधिक अर्भकमृत्यू दिसत. चाळींतील एकेका खोलीत कोंडलेल्या कुटुंबांची दैना त्यात होतीच, पण दुसरेही कारण होते. गिरणगावातील स्त्रिया बाळंतपणाला गावी जात. जन्म कोकणात वा घाटावर होई, आणि मूल घेऊन त्या परतल्यावर ते दगावले तर मृत्यू मुंबईच्या खात्यावर पडे. भागाकारातील छेद एका गावी आणि अंश दुसऱ्या गावी, असा तो प्रकार.

हा प्रकार केवळ इतिहासजमा नाही. ज्या कल्याणात यमुना वाढली त्याच्या कुशीत आज तीन नगरे उभी आहेत. दुसऱ्या महायुद्धातील लष्करी छावणीच्या बराकींत फाळणीनंतर सुमारे लाखभर सिंधी निर्वासित वसविले गेले आणि १९४९ मध्ये त्या वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळाले. अंबरनाथला शस्त्रास्त्रांचा कारखाना आला, आगपेट्यांचा आला, नंतर औद्योगिक वसाहत. बदलापूर मुंबईच्या न परवडणाऱ्या घरांनी वाढविले. २०११ च्या जनगणनेत उल्हासनगरची वस्ती पाच लाखांवर, अंबरनाथची अडीच लाखांवर आणि बदलापूरची पावणेदोन लाखांच्या घरात होती; बदलापूर तर दहा वर्षांत जवळजवळ पावणेदोन पट झाले होते. या वस्तीत पहिल्या बाळंतपणाला माहेरी जाण्याची चाल टिकून आहे. मुलगी तपासणीचे कार्ड काढते उल्हासनगरला आणि बाळंत होते जळगावला किंवा थेट उत्तर प्रदेशात. रक्तदाब वाढत होता हे पहिल्या दवाखान्याला ठाऊक असते, दुसऱ्याला नसते.

महाराष्ट्राची सरासरी समाधान वाटावे अशी आहे. नमुना नोंदणी पाहणीनुसार २०२० मध्ये राज्यात हजार जिवंत जन्मांमागे १६ अर्भके वर्षाच्या आत दगावली. देशाचा आकडा २८ होता. या १६ पैकी ११ मृत्यू पहिल्या २८ दिवसांतले, म्हणजे दोन तृतीयांशाहून अधिक. लसीकरण, स्वच्छ पाणी आणि जुलाबावरील उपचार यांनी मोठ्या अर्भकांचे मृत्यू बरेच कमी केले. आता उरले आहेत ते मुख्यतः जन्मवेळचे आणि जन्माच्या आसपासचे. पण ही पाहणी नमुन्यावर चालते. ती राज्याचा दर सांगते. उल्हासनगरच्या एखाद्या कॅम्पातील किंवा अंबरनाथच्या एखाद्या चाळवस्तीतील दर तिच्यातून काढता येत नाही. ठाणे जिल्ह्यातही ठाण्याच्या उंच इमारती आणि मुरबाड-शहापूरचे पाडे एकाच सरासरीत झोपतात.

आनंदीबाईंचे निदान होते की बाळंतपणाच्या वेळी शिकलेले माणूस हजर नसते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील सुमारे ९५ टक्के बाळंतपणे रुग्णालयांत किंवा दवाखान्यांत झाल्याचे आढळले. त्या अर्थाने निदान मान्य झाले आणि औषधही दिले गेले. मग उरलेली बाळे का जातात? १९९४ मध्ये थॅडियस आणि मेन या दोन अभ्यासक स्त्रियांनी मातामृत्यूंचा विचार करताना विलंबाचे तीन टप्पे मांडले: जायचे हे ठरविण्यातला, पोचण्यातला, आणि पोचल्यावर उपचार मिळण्यातला. नागर वस्तीत पहिले दोन आखूड होतात. तिसरा लांबतो आणि त्याचे तुकडे पडतात. अडलेली बाई किंवा दीड किलोचे बाळ एका दारातून दुसऱ्या दारी, तेथून कळव्याला किंवा शीवला, असा प्रवास या पट्ट्यात नित्याचा आहे. बदलापूर ते मुंबई अंतर अवघे ६८ किलोमीटर; श्वास न घेणाऱ्या नवजात बाळापाशी मात्र काही मिनिटेच असतात. जगभरात दरवर्षी सुमारे १९ लाख मुले उपजत मृत जन्मतात, आणि त्यांपैकी चाळीस टक्क्यांहून अधिक मृत्यू प्रत्यक्ष कळा सुरू असताना होतात, म्हणजे आई बहुधा कोणाच्या तरी देखरेखीखाली असताना.

निदानाचा दुसरा अर्धा भाग आनंदीबाईंनी कधी उच्चारला नाही, आणि तो त्यांच्याच देहावर लिहिलेला होता. कोवळ्या वयाच्या मातांची बाळे अधिक प्रमाणात अपुऱ्या दिवसांची आणि कमी वजनाची निपजतात, हे आता सर्वमान्य आहे. ती पाहणीच सांगते की महाराष्ट्रातील २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी जवळजवळ २२ टक्के स्त्रियांचे लग्न अठरा पुरे होण्याआधी झाले होते. डॉक्टर वाढविणे त्या मानाने सोपे असते. त्याला पैसा लागतो. लग्नाचे वय प्रत्यक्षात वाढविण्यास घराघरांतून भांडण करावे लागते, आणि ते भांडण गोपाळरावांसारख्या भांडकुदळ सुधारकालाही सुचले नाही.

पदवीनंतर कोल्हापूर संस्थानाने आनंदीबाईंना आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलच्या स्त्री-विभागाचे प्रमुखपद देऊ केले. तेच आजचे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय. मुंबईत कामा हॉस्पिटल त्याच वर्षी सुरू होत होते, तेथे इंग्लंडहून आलेल्या डॉ. एडिथ पीची होत्या. लेडी डफरिन यांचा निधी एक वर्षापूर्वी स्थापन झाला होता. म्हणजे काळ अनुकूल होऊ लागला होता. आनंदीबाई ९ ऑक्टोबर १८८६ रोजी न्यू यॉर्कहून निघाल्या आणि १६ नोव्हेंबरला मुंबईत उतरल्या, त्या क्षयाने पोखरलेल्या. तीन महिने औषधपाणी झाले. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचा अंत झाला. कोल्हापूरच्या त्या विभागात त्यांच्या हातून एकही बाळंतपण झाले नाही. अस्थी कार्पेंटरबाईंकडे पाठविण्यात आल्या आणि न्यू यॉर्क राज्यातील पुकीप्सी येथे त्यांच्या कुटुंबाच्या स्मशानभूमीत ठेवल्या गेल्या.

जे काम त्यांना करता आले नाही ते पुढे अनेकींनी केले. त्यात सगळ्या डॉक्टर नव्हत्या. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांनी १९९० च्या दशकात गावातल्याच अल्पशिक्षित स्त्रियांना नवजात बाळाची काळजी घेण्याचे शिक्षण दिले आणि तेथील नवजात मृत्यू निम्म्याहून अधिक घटले. १९९९ मध्ये तो अहवाल लॅन्सेटमध्ये आला. शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये मातृदुग्धपेढी सुरू केली, ती आशियातील पहिली. म्हणजे कमी खर्चाचे उपायही महाराष्ट्रातच सिद्ध झालेले आहेत, एक जंगलात आणि एक झोपडपट्टीच्या शेजारी. जेथे बाळे नेमकी कोठे आणि केव्हा जातात हे मोजले गेले, तेथेच ते रुजले.

१९६९ च्या जन्ममृत्यू नोंदणी कायद्याने नोंदणी सक्तीची झाली, आणि जन्म या शब्दाच्या व्याख्येतच उपजत मृत्यूचाही समावेश करण्यात आला. त्यासाठी वेगळा नमुना आहे. त्यात आईचे वय विचारलेले असते, गर्भारपणाचे आठवडे विचारलेले असतात, बाळंतपणाच्या वेळी कोणाची मदत मिळाली हेही विचारलेले असते. उल्हासनगर महानगरपालिका आणि अंबरनाथ व कुळगाव-बदलापूर या दोन नगरपरिषदा यांच्या निबंधकांकडे असे नमुने येतात. ते वस्तीनिहाय लावून, माहेरी झालेल्या बाळंतपणांची माहिती मागवून, आणि जन्मल्यावर श्वास घेऊन गेलेले मूल उपजत मृत म्हणून तर नोंदले जात नाही ना हे पडताळून, वर्षाकाठी एक तक्ता प्रसिद्ध करणे या तिन्ही संस्थांना शक्य आहे. त्यासाठी नवा कायदा नको, नवे पद नको. दोन कारकुनांचे काही आठवड्यांचे काम आहे.